एक्सप्रेस जेवायला बसते

हॉस्पिटलच्या शिवणखोलीत तिला तोंडावर सगळ्या जणी 'ताई' म्हणत आणि पाठीमागे 'एक्सप्रेस'. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात आवडतही होतं. चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे, ऑपरेशनच्या वेळी घालायचे हिरवे अंगरखे, सगळं तिच्या देखरेखीखाली शिवलं जाई आणि फाटलं की तिच्याकडेच परत येई. ती त्या खोलीची मुख्य होती. मुख्य असूनही सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांच्या नंतर जायची आणि मधल्या वेळात तिला बसलेलं कुणी पाहिलं असेल तर ते फक्त मशीनवर.

पायाला भिंगरी म्हणजे काय ते तिच्याकडे पाहून कळावं. सकाळचा चहा ती ओट्याशी उभ्यानं घ्यायची, तोही एक घोट आता, एक भांडी विसळून झाल्यावर, आणि शेवटचा हमखास गार. चपला चालता चालता पायात सरकवायच्या, केसांना पिन जिना उतरताना लावायची. तिचं जेवण असं वेगळं काही नसायचंच. बाकीच्यांना वाढता वाढता मध्ये जी फट सापडेल तिच्यात ती एखादा घास कोंबायची. कधी पातेल्यातूनच, कधी नातीच्या ताटातलं उरलेलं. कुणी म्हटलं, "आई, बस की," तर तिचं उत्तर ठरलेलं असे, "तुम्ही सुरू करा, मी आलेच." ती कधीच यायची नाही, आणि आता तिची वाटही कुणी पाहत नसे. वाईट कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं, एवढंच.

घरात ती धरून पाच माणसं. नवरा घरं रंगवायची कामं करून आता निवृत्त झालेला, मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, सून चष्म्याच्या दुकानात, आणि नात, जिला सगळे पिटुकली म्हणत. जेवणाच्या टेबलाला मात्र खुर्च्या चार. टेबल घेतलं तेव्हा दुकानदारानं सहा खुर्च्या देऊ का असं विचारलं होतं. चार पुष्कळ झाल्या, उगाच जागा अडते, असं तिनंच सांगितलं होतं.

एका रविवारी सकाळी पिटुकली बाहेरच्या खोलीत भातुकली खेळत बसली होती. पुठ्ठ्याचा खोका उपडा घालून तिनं टेबल केलं होतं. एका बाजूला अस्वल, दुसऱ्या बाजूला एका डोळ्याचा ससा, तिसरीकडे बाहुली. सगळ्यांना बटणं वाढून झाली. पिटुकली स्वतः मात्र भिंतीपाशी उभी राहून, एका हातानं खोट्या भांड्यात काहीतरी ढवळत, दुसऱ्या हातानं भराभर तोंडात काहीतरी टाकत होती. मध्येच पदर खोचल्यासारखं करी, मध्येच कपाळ पुसे. मुलगा पेपर वाचत होता, सून केस पुसत होती. दोघांनाही हसू आवरेना. ही तर हुबेहूब आजी, म्हणून त्यांनी आजीला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. ती हात पुसत आली, तीही हसली.

सुनेनं सहज म्हटलं, "अगं, तू पण बस ना त्यांच्याबरोबर."

पिटुकलीनं आईकडे असं पाहिलं, जणू हिला एवढं साधं कसं कळत नाही. म्हणाली, "मी आजी आहे ना. आजीला खुर्ची नसते."

सगळे पुन्हा हसले. तीही हसली, पण या वेळचं हसू तोंडातच राहिलं. स्वयंपाकघरात परत जाऊन तिनं गॅस बंद केला आणि टेबलाकडे पाहिलं. एक, दोन, तीन, चार. इतकी वर्षं रोज पुसत होती ते टेबल, खुर्च्यांसकट. त्यात आपली खुर्ची नाही हे आपल्या लक्षातही येऊ नये, याचं तिला जास्त वाटलं. रडू वगैरे आलं नाही. आला तो रागच, आणि तोही दुसऱ्या कुणावर धरता येईना.

त्या दुपारी तिनं न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल धुऊन पुसून आणलं, टेबलाच्या कोपऱ्याशी ठेवलं, आपलं ताट वाढून घेतलं आणि बसली. स्टूल इतकं बुटकं की टेबल तिच्या हनुवटीला आलं. सगळे तिच्याकडे बघत राहिले. नवऱ्यानं विचारलं, "अगं, काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे," ती म्हणाली. "जेवतेय."

मुलगा ताडकन उठून आपली खुर्ची द्यायला लागला, तेव्हा तिनं त्याला हातानंच खाली बसवलं. कुणाला उठवून बसायचं नव्हतं तिला.

ते जेवण काही सुखाचं झालं नाही. दर घासाला तिचे पाय उठू बघत. मीठ राहिलं, पाणी राहिलं, सुनेला भाजी लागेल. एकदा ती अर्धी उठलीही, आणि मग हट्टानं पुन्हा बसली. नवऱ्यानं सवयीनं रिकामा पेला थोडा पुढे सरकवला. एरवी तेवढ्यावर पाणी येई. या वेळी ती शांतपणे म्हणाली, "अहो, मलाही आणा." बिचारा उठला, आणि पाण्याचा जग कुठे असतो हेच त्याला सापडेना. स्वतःच्या घराच्या स्वयंपाकघरात तो पाहुण्यासारखा कपाटं उघडून बघत होता. जग ओट्यावर, त्याच्या नाकासमोर होता.

सोमवारी कामावरून सुटल्यावर ती जुन्या फर्निचरच्या दुकानात शिरली. तिथे लाकडी, बिनहाताची, विणलेल्या बैठकीची एक खुर्ची होती. तिनं तिच्यावर बसून पाहिलं, मग पाठ टेकवून पाहिली, मग ती नुसतीच थोडा वेळ बसून राहिली. दुकानदारानं जोडी घेतली तर बरं पडेल असं सुचवलं. तिला एकच हवी होती.

खुर्ची घेऊन ती बसमध्ये चढली तेव्हा बस गच्च भरलेली. लोकांनी कुरकुर करत वाट दिली. दोन थांबे ती खुर्ची पोटाशी धरून उभी राहिली, आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं खुर्ची मधल्या वाटेत टेकवली आणि तिच्यावर बसली. आजूबाजूच्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. कंडक्टर माणसांतून वाट काढत आला, तिच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"आजी, सीट घरून आणलीत होय?"

"घरी नेतेय," ती म्हणाली. "उभं राहायचा कंटाळा आला."

कंडक्टर कपाळावर आठी घालायच्या बेतात होता, पण अख्खी बस हसायला लागल्यावर त्यालाही हसू फुटलं. पुढच्या वळणावर खुर्ची घसरू लागली तर शेजारच्या दोन अनोळखी माणसांनी खुर्चीचे पाय धरून ठेवले. उतरताना एका पोरसवदा माणसानं खुर्ची खाली उतरवून दिली आणि राणीसाहेबांपुढे लववावी तशी मान लववली. घरापर्यंतची गल्ली ती डोक्यावर खुर्ची घेऊन चालत गेली, आणि किती दिवसांनी कोण जाणे, गुणगुणत गेली.

खुर्चीमुळे पुढे काय काय होईल याचा तिला अंदाज नव्हता. पहिल्यांदा तिला स्वतःच्या हातची चव कळली. आपण भाजीत मीठ जरा चढतं घालतो हे तिला माहीतच नव्हतं, आणि बिचाऱ्यांनी कधी सांगितलंही नव्हतं. मग घरातली बोलणी कळायला लागली. ओट्यापाशी नुसता आवाज यायचा, टेबलाशी शब्द येऊ लागले. सून इतकी विनोदी आहे हे तिला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर समजलं. चष्मा घ्यायला येणारी माणसं आरशात कशी तोंडं करतात याची ती अशी नक्कल करायची की हसता हसता सासूच्या घशात घास अडकायचा. मुलगा जेवताना डावा पाय हलवतो, अगदी लहानपणी हलवायचा तसा. आणि नवऱ्याला गोष्टी सांगायला आवडतात, फक्त ऐकायला कुणीतरी समोर बसावं लागतं.

एक सवय जडली की ती आपल्या ओळखीच्या आणखी दोघी-तिघींना घेऊन येते. सकाळचा चहा ती खिडकीपाशी खुर्ची ओढून, शेवटच्या घोटापर्यंत गरम असतानाच पिऊ लागली. चपला बसून घालू लागली. थोडी लवकर निघून मोठ्या रस्त्याऐवजी झाडांच्या गल्लीतून कामावर जाऊ लागली, आणि तिथे रोज कुत्रा फिरवणाऱ्या गृहस्थांशी आधी मानेनं आणि मग तोंडानं तिची ओळख झाली. यातलं काही मोठं नव्हतं. पण संध्याकाळी घरी आल्यावर अंगातून जो जीव निघून जायचा तो आता तसा जात नव्हता. नवरा एकदा तिला म्हणाला की तू हल्ली खोलीत येतेस तेव्हा कळतं, पूर्वी फक्त गेलीस की कळायचं.

शिवणखोलीत मात्र गाडी जुन्याच रुळावर होती. तिथल्या पाचही जणी मशीनवरच जेवत. एका हातात पाव, दुसऱ्या हातात चादरीची कड, पाय पेडलवर. नियम कुणी केला नव्हता. मुख्यच तसं करते म्हटल्यावर बाकीच्यांची काम थांबवायची काय बिशाद. हे तिला ज्या दिवशी उमगलं तो दिवस वाईट होता. सगळ्यांत धाकटी, जिला बारकी म्हणत, ती घास गिळता गिळता अभ्रा वळवत होती आणि सुई तिच्या बोटातून आरपार गेली. एक्सप्रेसनं स्वतः चाक उलटं फिरवून सुई काढली, तिला पळतपळत वर मलमपट्टीला नेलं. परत आली तेव्हा अभ्र्यावर रक्त होतं आणि शेजारी अर्धा पाव. इस्त्रीवाली माई, खोलीतली सगळ्यांत जुनी, हलक्या आवाजात म्हणाली की पोरगी तुझंच बघून शिकली गं. ती रागानं नव्हती म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक्सप्रेसनं भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. सगळी मशीनं एकदम थांबली. त्या खोलीत एवढी शांतता कधी पडलीच नव्हती. नळ टपकतो हेही सगळ्यांना त्याच दिवशी कळलं. कापड बेतायचं लांबलचक टेबल तिनं मोकळं केलं, त्यावर धुतलेली चादर अंथरली आणि म्हणाली, "डबे आणा. बसून जेवायचं."

पहिल्या दिवशी कुणाला काय बोलावं कळेना. सगळ्या जणी परीक्षेला बसल्यासारख्या ताठ. मग माईनं बारकीला विचारलं की बोट ठणकतं का, बारकीनं सांगितलं की ठणकत नाही पण त्या निमित्तानं घरी भाऊ भांडी घासतोय, आणि हसण्याचा बांध फुटला. आठवडाभरात त्या टेबलावर इतक्या गप्पा रंगू लागल्या की दुपार कधी होते याची सगळ्या वाट पाहू लागल्या. उशांचं काम करणाऱ्या दोघी, ज्या वर्षानुवर्षं शेजारी बसूनही एकमेकींशी कामापुरतंच बोलत, त्या एकाच शाळेत शिकल्या होत्या हे तेव्हा निघालं.

हे सगळं स्टोअरकीपरच्या कानावर गेलंच. हॉस्पिटलातल्या प्रत्येक गोष्टीला तो कुलूप लावायचा, म्हणून त्याचं नावच 'कुलूप' पडलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण नवीन वॉर्ड उघडायचा होता, झगे वेळेवर मिळाले पाहिजेत म्हणून वरून त्याच्या मागे तगादा होता. भर दुपारी मशीनं बंद आणि बायका हसतायत हे पाहून त्याचा पारा चढला. त्यानं फार वाद घातला नाही. पूर्वी चालायचं तसंच चालू द्या, एवढं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कामावर आल्या तर टेबल नव्हतं. नवीन मांडण्या यायच्या आहेत म्हणून त्यानं ते तळघरात हलवलं होतं. त्या दुपारी कापड जमिनीवर बेतलं गेलं आणि डबे पुन्हा मशीनवर उघडले गेले. खटका ओढायला एक्सप्रेसचा हात वर गेला नाही.

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली खरी, पण ताटातलं चिवडत राहिली. नवऱ्यानं हळूच विचारून घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला तिथलं काही कळत नाही. पण उद्याचा डबा मी भरतो. तू सकाळी फक्त चहा घे."

त्यानं भरला तसा डबा जगात कुणी भरला नसेल. सालासकट उकडलेली अंडी, पावाचे ओबडधोबड तुकडे, एक अख्खं सफरचंद आणि चमचा नाहीच. पण तो डबा हातात घेऊन ती निघाली, झाडांच्या गल्लीतून चालत गेली आणि शिवणखोलीत न जाता सरळ वरच्या मजल्यावर, मोठ्या बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. हॉस्पिटलच्या प्रमुखांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत एकदाच गेली होती, पडदे लावायला.

मोठ्या बाईंनी काय हवंय ते विचारलं. तिनं वाटेत पुष्कळ बोलणी जुळवली होती. बारकीचं बोट, माईची इस्त्री करून दुखणारी पाठ, सगळं. तोंडातून मात्र एकच निघालं.

"आम्हाला दुपारी बसून जेवायचंय."

"मग बसत का नाही?"

"अर्धा तास मशीनं बंद ठेवावी लागतील. त्याची परवानगी हवी."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "तो अर्धा तास तुमचाच आहे. पहिल्यापासून. सगळ्या विभागांना आहे. तुम्ही तो घेत नाही हे मला आज कळतंय."

ज्या दाराशी जन्मभर हात जोडून उभं राहावं त्याला कडीच नसावी, तसं एक्सप्रेसचं झालं. मग तिनं टेबलाचं सांगितलं. मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे फोन उचलून स्टोअरकीपरशी चार शब्द बोलून घेतले.

ती खाली आली तेव्हा कुलूप तळघराच्या जिन्यापाशीच उभा होता, तोंड पाडून. टेबल द्यायला हरकत नाही, पण हमाल पुढच्या आठवड्यापर्यंत मोकळे नाहीत, असं त्याचं म्हणणं पडलं.

"हमाल नकोत," ती म्हणाली. "किल्ली द्या."

तिनं चौघींना हाक मारली. टेबल शिसवासारखं जड, वर लोखंडी कडा. माईनं एक कोपरा धरला, दोघी उशीवाल्यांनी मागची बाजू, बारकीनं बांधलेलं बोट वर ठेवून खांदा लावला आणि एक्सप्रेस पुढे. पहिल्या काही पायऱ्या चढल्या आणि वळणावर टेबल असं अडकलं की पुढे जाईना, मागे येईना. वरच्या मजल्यावरून परिचारिका वाकून बघू लागल्या. पायाला प्लास्टर घातलेला एक रुग्ण चाकाच्या खुर्चीतून कठड्यापाशी आला. तो घरसामान हलवायचा धंदा करायचा. त्यानं वरूनच सांगायला सुरुवात केली, आडवं करा, पाय भिंतीकडे, आता उजवीकडून उचला. मागून येणाऱ्या कुलपानं भिंतीला धक्का लागू नये म्हणून हात लावला, आणि हात लावता लावता तोही भार उचलायला लागला. टेबल एकदाचं सुटलं. जिन्यात, व्हरांड्यात, दारादारांत उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं त्यांनीही वाजवल्या.

टेबल आपल्या जागी लागलं. सगळ्यांना धाप लागली होती, केस सुटले होते, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचं तेज होतं. कुलूप घाम पुसत म्हणाला, "जिन्यात भिंतीला ओरखडा पडलाय."

"आमचे हे रंगारी आहेत," ती म्हणाली. "रविवारी येऊन रंगवून देतील."

त्याला हसू दाबता आलं नाही. तिनं नवऱ्याच्या डब्यातलं एक अंडं त्याच्या हातावर ठेवलं. तो सोलत सोलत निघून गेला.

नवीन वॉर्ड ठरल्या दिवशी उघडला आणि प्रत्येक खाटेवर नवा झगा होता. बसून जेवल्यामुळे काम मागे पडलं असं कुणाला म्हणायला जागा उरली नाही, आणि बारकीचं बोट बरं झाल्यावर पुन्हा सुई कुणाला लागली नाही.

वॉर्ड उघडल्यानंतरच्या एका दुपारी तिनं नेहमीसारखा खटका ओढला. मशीनं थांबली, चादर अंथरली गेली, खिडकी उघडली गेली. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या धुलाईखान्यातली अवजड यंत्रं, जी दिवसभर घरघरत असायची, तीही एकेक करून थांबली. या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दार ढकललं गेलं आणि धुलाईवाले तिघे जण, बाह्या वर केलेले, हातात डबे घेतलेले, उंबऱ्यातच घुटमळले. त्यांच्यातल्या मोठ्यानं जरा लाजत विचारलं की आमच्याकडे टेबल नाही, इथे जागा होईल का.

एक्सप्रेस उठली नाही. तोंडातला घास तिनं सावकाश संपवला आणि मग शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"सरका गं," ती म्हणाली. "माणसं जेवायला आलीत."